मदत हवी आहे: मुलीला छोट्या गटात घालावं की थेट मोठ्या गटात? (शनिवारपर्यंत उत्तर हवंय)

सानूचीआई
नमस्कार. नेहमीची वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगी वयाच्या मानाने फारच पुढे आहे. दुधाच्या पिशवीवरचं सगळं वाचते, अगदी 'थंड जागी ठेवा'पर्यंत. शंभरपासून उलटे आकडे म्हणते. नर्सरीत तिला नवीन काहीच मिळालं नाही, जाताना रोज रडारड. आता तीन पर्याय आहेत. अ घराजवळ आहे. ब लांब आहे पण मॉन्टेसरी. क वाले म्हणतात त्यांच्याकडे हुशार मुलांची वेगळी तुकडी आहे, थेट मोठ्या गटात घेतो. दोनच जागा उरल्यात म्हणे, फी शनिवारी भरायची. नवरा म्हणतो क, सासूबाई म्हणतात अ. पटकन सांगा, प्लीज.

वडापावसम्राट
गाव कोणतं? वय किती? माध्यम कोणतं? फी किती? एवढं सोडून सगळं सांगितलंत.

निनाद_के
ज्ञानप्रबोधिनी. डोळे झाकून.

वडापावसम्राट
डोळे उघडा. सदाशिव पेठेतली प्रशाला पाचवीपासून आहे. ही पोर अजून दुधाची पिशवी वाचतेय.

निनाद_के
माहीत आहे हो, मी तिथलाच आहे. संस्था १९६२ ची, प्रशाला १९६९ ची. बुद्धिमान मुलांचा वेगळा विचार आपल्याकडे कुणी केला असेल तर तो संस्थापक आप्पा पेंडश्यांनी. आतापासून डोक्यात ठेवा एवढंच म्हणतोय.

सानूचीआई
सॉरी, घाईत लिहिलं. पुणे, कोथरूड. वय चार पूर्ण. अ मराठी बालवाडी, ब आणि क इंग्रजी. क ची फी वर्षाला एक लाख दहा हजार, भरली की परत मिळत नाही.

दिंडोरी
जन्मतारीख?

सानूचीआई
ती कशाला? चार पूर्ण आहे म्हटलं ना.

दिंडोरी
सांगा तर.

सानूचीआई
९ जानेवारी २०२२.

दिंडोरी
इथेच गोम आहे. सध्या महाराष्ट्रात पहिलीच्या वर्षात ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. त्याच हिशेबाने मोठ्या गटाला पाच, छोट्याला चार. तुमची मुलगी नऊ दिवसांनी हुकली. क वाले यंदा जूनमध्ये मोठ्या गटात घेतीलही, पण पुढच्या जूनमध्ये पहिलीला जन्मदाखला दाखवाल तेव्हा काय? २०२७ च्या ३१ डिसेंबरला तिला सहाला नऊ दिवस कमी. माझ्या भाच्याचं हेच झालं. मोठा गट दोनदा केला. पहिल्या वर्षीचे मित्र पहिलीत गेले, तो मधल्या सुट्टीत त्यांच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. क वाल्यांना विचारा, पहिलीची लेखी हमी देता का.

सानूचीआई
हे त्यांनी सांगितलंच नाही!! उलट 'एक वर्ष वाचेल' म्हणाले.

हडसनकाठचा
आमच्याकडे न्यूयॉर्कमध्ये चार वर्षांच्या मुलांची चाचणी घेऊन किंडरगार्टनपासून 'गिफ्टेड' वर्गात घालायचे. आईबाप तीन वर्षांच्या पोरांना क्लास लावायचे. २०२१ पासून ती चाचणी बंद आहे, त्याजागी बालवर्गाच्या शिक्षकांची शिफारस आली. तुम्ही भारतात आहात म्हणून सुटलात.

वडापावसम्राट
त्यांनी न्यूयॉर्क विचारलेलं नाही. कोथरूड विचारलंय.

मुक्ता_पी
आधी बुद्ध्यांक काढून घ्या. बिने-कामत चाचणी असते, मानसतज्ज्ञांकडे जायचं, तासाभरात होते. आकडा हातात असला की शाळेशी बोलता येतं.

खडूफळा
आमच्या चिरंजीवांचा चौथ्या वर्षी काढला होता. १३८. सगळ्या नातेवाइकांना फोन झाले. आता आठवीत गणिताची शिकवणी लावली आहे आणि तिथेही झोपतो. या वयात पोर त्या दिवशी भुकेलं असलं तरी आकडा हलतो. एका आकड्यावर लाख रुपये लावू नका.

मुक्ता_पी
तुमच्या मुलाला झोप येते यात चाचणीचा काय दोष?

मराठीमाणूस७२
अ मराठी आहे ना? मग प्रश्नच संपला. पहिली पाच वर्षं मातृभाषा. २०२० च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा मातृभाषाच आहे.

हडसनकाठचा
तुमची मुलं कुठे शिकली?

मराठीमाणूस७२
तो विषय वेगळा.

निवृत्तबाई
मी एकतीस वर्षं बालवाडी घेतली, तेव्हा दोन प्रश्न विचारते. वाचते म्हणता, पण वाचलेलं समजतं का? काही मुलं अक्षरं चुकत नाहीत पण अर्थ हाती लागत नाही, ती गोष्ट निराळी आणि वेळेत कळलेली बरी. दुसरं, हातांचं काय? बटण लावते का? डबा स्वतः उघडते का?

सानूचीआई
समजतं. ससा-कासवाची गोष्ट वाचून म्हणाली, सशाला कुणी उठवलं का नाही, मग त्याला उठवून दोघांना बरोबर पोचवलं. बटण नाही येत. डबा पण नाही, नर्सरीत मावशी उघडून द्यायच्या. आणि डायरीत लिहून यायचं, 'इतर मुलांना उत्तरे सांगते.'

निवृत्तबाई
बघा. डोकं सहा वर्षांचं आणि बोटं चारची. मोठ्या गटात घातलीत तर वाचनात पहिली येईल आणि डबा उघडता येत नाही म्हणून उपाशी घरी येईल, आणि सांगणारही नाही, कारण ती 'हुशार' ना. मॉन्टेसरी खरी असेल तर तीन ते सहाची मुलं एकाच वर्गात असतात. वाचनाला मोठ्यांच्या चटईवर बसेल, बटणाच्या चौकटीला धाकट्यांच्या. पण पाटी मॉन्टेसरीची आणि आत बाकं, असंही पुष्कळ असतं. जाऊन अर्धा तास गप्प बसा. बाई सगळ्यांना एकच अक्षर एकदम गिरवायला लावत असतील तर उठून या.

दिंडोरी
+१. आणि अ सोडू नका, बघून या. आपल्याकडच्या बालवाड्या आल्या कुठून? ताराबाई मोडकांनी बोर्डीला १९४५ मध्ये मॉन्टेसरीचीच पद्धत घेतली आणि साधनं शिंपल्या, बिया, दगडांची केली.

खडूफळा
ते गुजरातच्या गिजुभाई बधेकांचं काम.

दिंडोरी
गिजुभाई भावनगरला, ताराबाई आधी त्यांच्याबरोबर होत्या. १९२६ चा नूतन बालशिक्षण संघ दोघांचा. बोर्डी ताराबाईंची, जोडीला अनुताई वाघ.

खडूफळा
अनुताई तर कोसबाडच्या.

दिंडोरी
कोसबाड नंतर. नवा धागा काढा, तिथे भांडू.

ब्राइटकिड्स_अबॅकस
ताई, अशा मुलांसाठी आमची खास बॅच सुरू होतेय, मेसेज करा.

वडापावसम्राट
संपादक, झाडू.

सानूचीआई
आज रजा टाकून ब आणि अ दोन्ही पाहिल्या. क वाल्यांना पहिलीच्या लेखी हमीचं विचारलं तर 'मॅडम, तोपर्यंत नियम बदलतील' म्हणाले. शनिवारची फी भरत नाही. नवरा रुसलाय.
ब मध्ये खरंच चटया होत्या. एक मोठा मुलगा धाकटीला पाणी ओतायला शिकवत होता, सांडलं तर दोघांनी मिळून फडकं मारलं. पण कोथरूडहून जायला पाऊण तास आणि व्हॅन नाही.
अ मध्ये बावीस मुलं, दोन बाई. सानूने फळ्यावरचं 'आजचा वार' वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, 'अगंबाई, मग रोज वार तूच लिहायचास,' आणि खडू हातात दिला. लिहिता येत नाही तिला. 'बुधवार' मधला ध उलटा निघाला. पहिल्यांदाच काहीतरी येत नव्हतं, आणि रडली नाही. येताना रिक्षात बोटाने सीटवर ध काढत होती.
छोटा गट, अ. सासूबाई जिंकल्या, आता वर्षभर ऐकावं लागणार. निवृत्तबाई, डब्याचं काम सुरू केलंय. मुलांना उघडेल असा डबा कोणता?

निनाद_के
पाचवीचं डोक्यात ठेवा.

खडूफळा
स्टीलचा, दोन बाजूंच्या कड्यांचा घेऊ नका. बोट चिमटतं.

मुक्ता_पी
कड्यांचाच घ्या. फिरकीच्या झाकणात तेल लागलं की मोठ्यांनाही उघडत नाही.

निवृत्तबाई
नुसतं वर उचलायचं झाकण, सैलसर. आणि पोळीचा रोल करून द्या, भाजी कोरडी.

मराठीमाणूस७२
पोळी नव्हे, चपाती.

वडापावसम्राट
झालं सुरू.