शब्दचर्चा : 'यूस्ट्रेस'ला मराठीत काय म्हणाल? आणि ताण, तणाव, दडपण, टेन्शन यांत फरक काय?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. विषय असा की स्ट्रेस आला की आपण ज्या पद्धतीनं वागतो ती पद्धत बदलता येते आणि तोच स्ट्रेस कामाला लावता येतो. त्यात 'यूस्ट्रेस' हा शब्द सारखा येतो. 'सकारात्मक ताण' लिहून पाहिलं पण ते सरकारी फलकासारखं वाटतं, वाचून कुणाला काही होणार नाही. सुताण, इष्टताण, हितकर ताण असे पर्याय डोक्यात आहेत, एकही जिभेवर बसत नाही. शिवाय स्ट्रेससाठी मी कुठे ताण लिहिलंय, कुठे तणाव, कुठे दडपण, आणि आता मलाच कळेना की हे सगळे एकच आहेत का. मदत करा प्लीज.

प्रतिसाद १

आधी शब्द आला कुठून ते सांगतो, म्हणजे पर्याय शोधायला बरं पडेल. हान्स सेल्ये नावाचे शास्त्रज्ञ होते, जन्म व्हिएन्नाचा, काम केलं कॅनडात. त्यांनी १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये छोटंसं टिपण छापलं, की उंदरांना थंडी, इजा, औषधाचा मारा असं काहीही झालं तरी शरीराचा प्रतिसाद ठरावीक साच्यातला असतो. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, आणि हे लांबलंच तर गळून जाणं अशा तीन पायऱ्या. पुढे त्यांच्याच लक्षात आलं की लोक स्ट्रेस म्हणजे वाईटच असं धरून चाललेत, म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी ग्रीकमधला चांगला या अर्थाचा 'यू' पुढे लावून यूस्ट्रेस शब्द वापरला आणि त्रासदायक तो डिस्ट्रेस. त्या हिशोबानं 'सुताण' शब्दशः बरोबर आहे, पण ऐकायला सुतारासारखा लागतो हे मान्य.

जाता जाता, पदार्थविज्ञानाच्या मराठी पुस्तकांत स्ट्रेसला प्रतिबल आणि टेन्शनला ताण म्हणतात. मनाच्या बाबतीत मात्र दोन्हीला ताणच. त्यामुळे थोडा घोळ आधीपासूनच आहे.

प्रतिसाद २

मला या विषयाबद्दल फार वाटतं म्हणून जरा लांब लिहितेय.

आधी फरक. 'ताण' हा एका माणसाच्या आत असतो, मनावर, शरीरावर, डोळ्यांवर सुद्धा. 'तणाव' शक्यतो दोघांमधे किंवा वातावरणात असतो, घरात तणाव आहे, दोन गटांत तणाव आहे. (तंबूच्या दोरांना तणावे म्हणतात, दोन टोकांमधे ओढलेले, तेच चित्र डोळ्यासमोर ठेवा.) 'दडपण' वरून येतं, कुणाच्या तरी अपेक्षेचं, मोठ्या माणसासमोर उभं राहण्याचं. आणि 'टेन्शन' हे सगळं एका पोत्यात भरून टाकतं, म्हणून बोलताना सोयीचं आणि विचार करताना गैरसोयीचं. कारण कुणी म्हणालं मला टेन्शन आलंय तर विचारावं लागतं की बाबा नेमकं काय, काम जास्त झालंय, कुणाशी बिनसलंय की कुणाची भीती वाटतेय? तिन्हीवर उपाय वेगळे. ज्यानं टेन्शन हा शब्द सोडून यातला एक शब्द निवडला त्याला पुढे काय करायचं ते निम्मं तरी दिसायला लागतं.

आता यूस्ट्रेस. माझं स्पष्ट मत, नाम शोधूच नका. इंग्रजीनं एकाच गोष्टीची चांगली आणि वाईट अशी दोन नामं केली, मराठीत हा फरक क्रियापदात पडतो. ताण येतो, ताण पडतो, इथे आपण काही करत नाही, तो आपल्याकडे येतो. त्यानंतर मात्र आपण काय करतो त्यासाठी बघा किती शब्द आहेत, ताण सोसणे, ताण झेलणे, ताण पेलणे, ताण घेणे, ताण काढणे (म्हणजे दुसऱ्या कुणावर), ताणाखाली दबणे. ताण तोच असेल, क्रियापद बदललं की माणूस बदलतो. मला यातलं 'पेलणे' सगळ्यात आवडतं. सोसण्यात नुसतं सहन करणं आहे, पेलण्यात वजन आहेच पण ते उचलायला माझ्यात ताकद आहे आणि तोल मी सांभाळतेय असंही आहे.

आणि नेमकं हेच मानसशास्त्र सांगतं. रिचर्ड लाझारस यांनी मांडलं की ताण हा प्रसंगात नसतो आणि नुसता माणसातही नसतो, माणूस दोन प्रश्नांची उत्तरं काय देतो यावर ठरतो. एक, यात माझं काय पणाला लागलंय, आणि दोन, माझ्याकडे याला तोंड द्यायला काय आहे. (लाझारस आणि सुसान फोकमन यांचं यावरचं पुस्तक १९८४ चं.) दुसऱ्या प्रश्नाला 'काहीच नाही' असं उत्तर आलं की शरीर ते धोका म्हणून धरतं, हृदय जोरात चालतं पण रक्तवाहिन्या आकसतात. 'आहे काहीतरी' असं उत्तर आलं की तीच धडधड, पण रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त हातापायांना, मेंदूला जास्त पोचतं. आता आपले वाक्प्रचार आठवा, एकीकडे हातपाय गळणे, दुसरीकडे कंबर कसणे. धडधड दोन्हीकडे आहे!

जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात लोकांना परीक्षकांसमोर भाषण करायचं होतं. काहींना आधी एवढंच समजावलं की छाती धडधडणं, श्वास वाढणं हे शरीर तुमच्या मदतीला येतंय त्याचं लक्षण आहे. ताण कमी करा असं कुणी सांगितलं नाही. त्या लोकांच्या शरीराचा प्रतिसाद या दुसऱ्या प्रकाराकडे सरकला. म्हणून म्हणते, पत्रकात 'ताण पेलायला शिका' लिहा, ताणाला विशेषण लावत बसू नका.

प्रतिसाद ३

वरचं वाचून छान वाटलं पण एक आक्षेप नोंदवतो. 'टेन्शन घेऊ नको' हे वाक्य मला मनापासून खटकतं. येणे हे क्रियापद काढून तिथे घेणे बसवलं की दोष आपोआप त्या माणसावर जातो, तू घेतलास ना, मग सोड. ज्याच्यावर दोन माणसांचं काम टाकलंय किंवा ज्याला रोज घरात अपमान ऐकायला लागतो त्याला 'ताणाकडे सकारात्मक बघ' सांगणं हा अन्याय आहे. तिथे बदलायचं ते काम, तो माणूस, ती परिस्थिती. लाझारस-फोकमन यांनी सुद्धा दोन वाटा सांगितल्यात, एक प्रश्नालाच हात घालायची आणि दुसरी आपल्या भावना सांभाळायची. पहिली शक्य असताना दुसरीच सांगत राहणं बरोबर नाही. पेलणे शब्द चांगला आहे, पण पेलवत नाही असंही म्हणता आलं पाहिजे माणसाला, लाज न वाटता. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, भूक मेली असेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरकडे जायचं, हे पत्रकात ठळक लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचे खूप आभार. हा आक्षेप मी पत्रकात घेणारच, 'पेलवत नाही' हा शब्द सुद्धा. आणखी एक अडलंय. मजकुरात असं आहे की भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणण्यापेक्षा 'आय ॲम एक्सायटेड' म्हणा. आता एक्सायटेडला काय? उत्तेजित लिहिलं तर भलताच अर्थ होतो.

प्रतिसाद २ (पुन्हा)

उत्तेजित नकोच! तो मुद्दा ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या संशोधनातला आहे, गाणं, भाषण आणि गणित या तिन्हीत असं बोललेल्यांची कामगिरी सरस ठरली. कारण सोपं आहे, भीती आणि उत्साह दोन्हीत शरीर खवळलेलंच असतं, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणं जवळचं. धडधडत्या छातीला शांत हो सांगणं म्हणजे एकदम उलट्या दिशेला ओढणं. मराठीत मी 'मला हुरूप आलाय' म्हणेन. उत्सुक फार थंड आहे, त्यात छाती धडधडत नाही. स्फुरण चढलंय हे जवळ जातं पण रोजच्या बोलण्यात कुणी म्हणत नाही. लहान मुलांसाठी असेल तर 'मला कधी एकदा सुरू करतो असं झालंय' लिहा, पूर्ण वाक्य आहे पण अगदी तोच भाव आहे, आणि तोंडातून सहज येतं.

प्रतिसाद ४

उशिरा येतोय पण एक बाजू राहिली. येणे, पेलणे झालं, पण जाणे? सेल्येंची तिसरी पायरी गळून जाण्याची आहे, आणि ती येते कारण ताण उतरायला वेळच मिळत नाही. कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही ताण आला की शरीरात वाढणारी रसायनं (हार्मोन्स), ती थोड्या वेळासाठी वाढलेली उपयोगाची असतात, ती तशीच चढलेली राहिली की त्रास. म्हणून पत्रकात 'तणावमुक्ती' लिहू नका, ते कुणालाच मिळत नाही. ताणासाठी 'उतरणे' किंवा 'ओसरणे' वापरा, आणि दोन माणसांमधल्या तणावासाठी 'निवळणे', कारण तो एकट्यानं जात नाही, त्यासाठी दोघांनी बोलावं लागतं. ताण उतरायला मात्र एकट्याला करता येण्यासारखं बरंच आहे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा म्हणजे हृदयाची गती खाली यायला मदत होते, थोडं चालायचं, आणि रात्री मस्त ताणून द्यायची. झोपेला मराठीत 'ताणून देणे' म्हणतात हे पत्रकात कुठेतरी नक्की घ्या, वाचणाऱ्याच्या लक्षात राहील.