रूगर १०/२२ की मार्लिन ६०? दादाच्या पहिल्या रायफलीबद्दल सल्ला हवा आहे

प्रोन_बालेवाडी

नमस्कार. मी गेली सहा वर्षे बालेवाडीच्या रेंजवर ५० मीटर प्रोन (पालथे झोपून मारण्याच्या) प्रकारात नेमबाजी करते. त्याआधी महाविद्यालयात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलवर ग्रूपिंग, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ पाडणे, शिकले. आजवर माझ्या हाती आलेली प्रत्येक रायफल बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) हाताने मागेपुढे करून चालवायची होती.

माझा मोठा भाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात स्थायिक आहे आणि तिथला नागरिक आहे. त्याने घराजवळच्या रेंजचे सदस्यत्व घेतले असून स्वतःसाठी आणि माझ्या तेरा वर्षांच्या भाचीला आपल्या देखरेखीखाली शिकवण्यासाठी त्याला एक सेमी-ऑटोमॅटिक (दर गोळीनंतर आपोआप पुन्हा भरणारी) पॉइंट टू-टू घ्यायची आहे. दुकानात नवी रूगर १०/२२ उपलब्ध आहे आणि शेजारचे एक निवृत्त गृहस्थ आपली जुनी, नीट सांभाळलेली मार्लिन ६० द्यायला तयार आहेत. २५ आणि ५० मीटरवर कागदी टार्गेट मारणे आणि सुटीच्या दिवशी टिनचे डबे उडवणे, ज्याला तिकडे प्लिंकिंग म्हणतात, एवढाच उपयोग आहे. "तू नेमबाज आहेस, तूच सांग," असे दादा म्हणतो, पण या जातीच्या रायफलीचा मला अनुभव नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खडकीचा_आर्मरर

ताई, फौजेत माझे आयुष्य हत्यारे उघडण्यात आणि जोडण्यात गेले, म्हणून आधी यंत्राबद्दल लिहितो. पॉइंट टू-टूच्या रिमफायर काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आघात करते. दाब कमी असल्यामुळे अशा सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत बोल्टला कुलूप लागतच नाही. बोल्टचे वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच तो क्षणभर थोपवला जातो, मग काडतुसाचे रिकामे कवच त्याला मागे ढकलते आणि परतताना तो पुढचे काडतूस नळीत सारतो. आपण नव्हे, यंत्र भरते, हाच सारा फरक आहे.

तुम्ही प्रोनमध्ये प्रत्येक काडतूस अंगठ्याने हळूच आत सरकवता, त्यामुळे शिशाच्या मऊ गोळीला ओरखडाही पडत नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तीच गोळी मॅगझीनमधून उसळून चढावर आपटत आत जाते. एकदा न झाडलेले काडतूस बोल्ट ओढून बाहेर काढा आणि उजेडात धरून टोक पाहा. बारीक चपटा डाग दिसला, तर ग्रूप का पसरतो हे वेगळे सांगावे लागणार नाही. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलीमीटरचे असते, तिथे या रायफलींकडून तुमच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलीची अपेक्षा धरू नये. डब्यासाठी मात्र दोन्ही भरपूर अचूक आहेत.

आता दोघींविषयी. मार्लिन ६० ही १९६० सालची रचना, तिच्या नळीत सोळा उथळ खाचा असतात, आणि कारखान्यातून आल्या स्थितीत ती पुष्कळदा १०/२२ पेक्षा घट्ट ग्रूप देते, असे माझे मत आहे. शेवटची गोळी सुटल्यावर तिचा बोल्ट आपोआप उघडा राहतो. फार जुन्या प्रतींत ही सोय नव्हती, तेव्हा दादांनी ते तपासून घ्यावे. १०/२२ चा बोल्ट मात्र रिकाम्या नळीवरही बंद होतो. तिच्या नळीत मागच्या बाजूने सळई घालता येत नाही, म्हणून सळई न वापरता पुलथ्रूला (साफसफाईच्या दोरीला) फलालीनची चिंधी बांधून मागून पुढे ओढावे. सळई तोंडाकडून घातली की नळीचे तोंड झिजते, आणि झिजलेल्या तोंडाची रायफल नेमाला कायमची मुकते.

सदाशिव_ते_टेक्सास

मी मूळचा सदाशिव पेठेतला, आता डॅलसजवळ राहतो आणि माझ्याकडे १०/२२ आहे. ही रायफल १९६४ पासून बनते आहे, आणि तिच्या दोन गोष्टींचे कौतुक करावेसे वाटते. पहिली, दहा गोळ्यांचे फिरते मॅगझीन: ते दस्त्यात पूर्ण सामावते, कुठेही टोचत नाही आणि क्वचितच अडते. दुसरी, नळी फक्त दोन स्क्रूंवर बसलेली असते, त्यामुळे पुढे कधी जाड मॅच बॅरल घालायचे ठरले तर घरी बसून बदलता येते. मार्लिन जशी आहे तशीच आयुष्यभर राहते, आणि तिचे सुटे भागही १०/२२ इतक्या सहज मिळत नाहीत. २०२० मध्ये रूगरनेच मार्लिन हे नाव विकत घेतले, पण आधी लिव्हर-ॲक्शन (खालची मूठ ओढून भरायच्या) रायफली पुन्हा बाजारात आणल्या.

१०/२२ चा मूळ ट्रिगर जड आहे, हे मान्य केले पाहिजे. कंपनीचाच बीएक्स ट्रिगर बसवला की तो पावणेतीन पौंडांच्या आसपास येतो आणि ग्रूपमध्ये फरक पडतो. त्याआधी दुर्बिणीवर पैसे घालवू नयेत.

काडतुसांबद्दल सांगायचे तर ४० ग्रेन वजनाच्या गोळीची, १०७० फूट प्रतिसेकंद वेगाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसे कागदासाठी घ्यावीत. ती ध्वनीच्या वेगाखाली राहतात, त्यामुळे ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळीला बसणारा धक्का टळतो. त्याहून मंद काडतुसांनी पुष्कळदा बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रायफल अडते. इथे ॲपलसीड नावाची शिबिरे होतात, त्यांत २५ मीटरवर लहान केलेल्या टार्गेटांवर स्लिंगचा (रायफलीच्या पट्ट्याचा) वापर आणि पोझिशन शिकवतात. दादांनी मुलीला घेऊन एकदा अवश्य जावे.

कोथरूड_एअररायफल

थोडे विषयांतर होते, पण अशी रायफल पुण्यात परवान्यावर मिळू शकेल का?

खडकीचा_आर्मरर

सामान्य परवान्यावर मिळण्यासारखी ही वस्तू नव्हे, आणि स्पर्धेत तिचा उपयोगही नाही. ५० मीटर रायफलमध्ये एका वेळी एकच काडतूस भरणारी रायफल लागते. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच नियमाखाली. तुमच्या १० मीटरच्या एअर रायफलीवर तयारी करत राहा, पुढची वाट तिथूनच जाते.

आत्याची_प्रशिक्षक

मी लहान मुलांना शिकवते, म्हणून अचूकतेचा मुद्दा बाजूला ठेवून तेरा वर्षांच्या मुलीबद्दल लिहिते. मार्लिनचे मॅगझीन म्हणजे नळीखालची दुसरी नळी. ती भरताना आतली पितळी नळी फिरवून वर ओढावी लागते, खाचेतून एकेक काडतूस सोडावे लागते आणि मग ती परत खाली दाबावी लागते. हे सगळे करताना मुलाचा हात रायफलीच्या तोंडाजवळ फिरत असतो. अशाच रचनेच्या एका जुन्या रायफलीत नळी रिकामी केली असे सर्वांना वाटत असताना एक काडतूस आत अडकून राहिलेले मी स्वतः पाहिले आहे. तोंड टार्गेटकडे होते म्हणून कोणाला काही झाले नाही, पण त्या दिवसापासून नवशिक्याच्या हाती ही रचना देण्यास माझा ठाम विरोध आहे.

१०/२२ चे मॅगझीन काढून टेबलावर ठेवले की ते सर्वांना दिसते. मग बोल्ट मागे अडकवायचा, डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीने चाचपायचे. बोल्ट आपोआप उघडा राहत नाही ही उणीव खरी, पण त्यामुळेच मुलीला प्रत्येक वेळी तपासण्याची सवय लागेल. पहिले दोन महिने मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरावे. दहा भरले की मुले दहाही झाडून टाकतात आणि एकाही शॉटचा फॉलो-थ्रू करत नाहीत, म्हणजे गोळी सुटल्यावर क्षणभर नेम तसाच धरून ठेवत नाहीत. तिचा हात आखूड असेल तर लहान दस्त्याची कॉम्पॅक्ट आवृत्ती घ्यावी; गाल दस्त्यावर नीट टेकला नाही तर साइट कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

प्लिंकिंगला डबे मातीच्या उंच बांधासमोरच ठेवावेत, दगडावर किंवा पाण्याजवळ कधीही नाही. ही गोळी छोटी दिसली तरी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. दोघांनीही चष्मा आणि कानाचे संरक्षण वापरावे आणि शिसे हाताळल्यावर खाण्याआधी हात धुवावेत.

प्रोन_बालेवाडी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दादाशी तासभर बोलले आणि सगळी उत्तरे त्याला वाचून दाखवली. मार्लिनबद्दल त्याला हळहळ वाटली, कारण शेजारच्यांनी ती खरोखर जिवापाड जपली आहे, परंतु भाचीच्या हातांचा मुद्दा ऐकल्यावर त्याने कॉम्पॅक्ट १०/२२ घ्यायचे ठरवले. चार प्रकारच्या काडतुसांचे प्रत्येकी पाच-पाच शॉटांचे तीन ग्रूप ५० मीटरवर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मारायचे आणि टार्गेटांचे फोटो मला पाठवायचे, असे मी त्याला सांगितले आहे. आले की इथे टाकीन.