मदत हवी आहे: मोडनिंब स्टेशन, नोव्हेंबर १९७२ (बार्शी लाइटचं मॉडेल)

गार्डाची_मुलगी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझे वडील बार्शी लाइटवर, म्हणजे कुर्डुवाडीहून सुटणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीवर, गार्ड होते. तसं म्हटलं तर १ जानेवारी १९५४ला सरकारने ती लाइन कंपनीकडून घेतली आणि ते कागदोपत्री मध्य रेल्वेचे नोकर. पण आमच्या घरात कधी कुणी 'मध्य रेल्वे' म्हटलं नाही. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं, सामान उचलून पलीकडच्या फलाटावर जायचं आणि 'लाइट'मध्ये बसायचं, एवढंच ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले तेव्हा वडिलांची ट्रंक उघडली. आत हातबत्ती निघाली (लाल काच तडकलेली), शिट्टी निघाली आणि एक फोटो. ब्रेकव्हॅनच्या (गार्डाच्या डब्याच्या) पायरीशी वडील उभे, मागे कडुलिंब, फलाटाचा तुकडा, डावीकडे एक वॅगन फोटोच्या कडेने निम्मी कापली गेलेली. पाठीवर त्यांच्या अक्षरात 'मोडनिंब, नोव्हें. ७२'. बस्स. त्या फोटोतला दिवस जसाच्या तसा उभा करायचा, असं तेव्हा ठरवलं. नवऱ्याने ९ फूट बाय २ फुटांची फळी करून दिली आणि 'हॉलमध्ये ठेवायची नाही' असंही सांगितलं.

आतापर्यंत केलेलं सांगते. प्रमाण १:४८ घेतलंय. लाइनचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी. १:४८ला तो १५.९ मिमी होतो, आणि बाजारात १६.५ मिमीचा ट्रॅक सहज मिळतो. खऱ्या मापात फरक ३० मिमीचा, तो मी पोटात घातला. शिवाय पाव इंच म्हणजे एक फूट, त्यामुळे हिशेब बोटांवर होतो. या लाइनच्या मालडब्यांचा सांगाडा २५ फूट लांब, ७ फूट रुंद, म्हणजे माझा डबा सव्वासहा इंच बाय पावणेदोन. तीन डबे झालेत. फलाटामागे रान केलंय, त्यात ज्वारी. हे दिवस रब्बीच्या कंबरभर ज्वारीचे, म्हणून जुन्या ब्रशांचे केस हिरवे रंगवून एकेक चिकटवले. सव्वा महिना गेला त्यात.

आता अडलंय कुठे ते.

एक, यार्डाचा नकाशा. या शतकाच्या सुरुवातीला कुर्डुवाडी-पंढरपूर ब्रॉडगेज झाली, त्यामुळे आज जाऊन पाहण्यासारखं जुनं काही उरलेलं नाही. एका कार्यालयात अर्ज देऊन सात महिने झाले, पोचही नाही. सांधे (गाडी रूळ बदलते त्या जागा) किती, लूप (बाजूचा जोडरूळ) किती लांब, मालधक्का कुठल्या बाजूला, काहीच हाती नाही.

दोन, इंजिन. ०-८-४ (पुढची, मधली ओढणारी आणि मागची चाकं) टाकी इंजिनाची (पाणी-कोळसा इंजिनावरच असतो ते) त्रिमितीय छपाईची फाइल विकत घेतली. विकणाऱ्याने १:४८ म्हणून दिली, छापून आल्यावर निघाली भलत्याच मापाची. पुन्हा छापायच्या आधी विचारते, इंजिन बरोबर आहे ना?

तीन, फोटोत जे दिसत नाही ते 'बरोबर' कसं ठरवायचं?

कपलिंग

आधी इंजिन. ०-८-४ टाकी इंजिन म्हणजे लीड्सच्या किटसन कारखान्याचं, १८९७ला लाइन उघडली तेव्हाचं. लाइनचा कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. बार्शीवर लिहिणारा प्रत्येक जण त्याच इंजिनाचं चित्र छापतो, कारण कॅल्थ्रॉपची सगळी करामत त्यात दिसते: एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे ३० पौंडी (एक यार्ड लांबीला ३० पौंड वजनाच्या) हलक्या रुळावर जड गाडी चालते. देखणं आहे, पण तुमच्या फोटोच्या पंचाहत्तर वर्षं आधीचं. ७२ साठी टेंडरवालं (पाणी-कोळशाचा डबा मागे जोडलेलं) २-८-२ करा. पंढरपूरची फांदी १९०६ची, लातूर १९११, मिरज १९२७. एवढी लाइन वाढल्यावर इंजिनंही मोठी आली.

आता तुम्ही न विचारलेलं. तयार ट्रॅकचा रूळ बहुतेक कोड १००चा असतो, म्हणजे उंची २.५ मिमी. १:४८ला तो जवळपास पाच इंच उंचीचा रूळ होतो, मेन लाइनवर शोभेल असा. हलका रूळ हवा तर कोड ७० घ्या. आणि १६.५चा तयार ट्रॅक छोट्या प्रमाणातल्या मोठ्या गाडीसाठी केलेला असतो, त्याचे स्लीपर अगदी बारीक आणि खेटून असतात. ते काढून रुंद कापा आणि लांब लांब लावा. नुसत्या स्लीपरच्या अंतरावरून बघणाऱ्याला गाडी लहान आहे की मोठी ते कळतं.

उगाच_आपलं

मोडनिंबच का पण? कुर्डुवाडी करा की! एकीकडे मद्रास मेल, दुसरीकडे आपली लाइट, मधे हमालांची धावपळ. मजा येईल.

गार्डाची_मुलगी

@उगाच_आपलं, मजा तुम्हाला येईल हो. १:४८ला ब्रॉडगेज ३४.९ मिमी होतो आणि तयार ट्रॅक ३२चा. म्हणजे तो सगळा हाताने टाकायचा. वर माझी फळी खऱ्या मापात जेमतेम ४३२ फूट. मेलचे डबे भिंतीतून शेजाऱ्यांकडे जातील.

@कपलिंग, इंजिनाचं ऐकून वाईट वाटलं, पण बरं झालं विचारलं. टेंडरवालं शोधते.

तिसरा_वर्ग

तुमच्या डब्यांचे फोटो पाहिले. सुरेख, पण प्रवासी डब्यावर दोनचा आकडा काढलाय तो चुकला. रेल्वेचा तिसरा वर्ग बंद झाला १९७४ला. नोव्हेंबर ७२मध्ये दारावर रोमन तीन हवेत, तीन उभ्या रेघा. फलाटाच्या टोकाला मैलाचा दगडही दिसतो. तोवर रेल्वेत किलोमीटर येऊन जुने झाले होते, तो काढा. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण मात्र चालेल, टोक खाली.

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच: आपल्याला हमखास माहीत आहे असं वाटतं तेच आधी तपासायचं. फोटोत जे दिसत नाही ते आपण आठवणीतून भरतो, आणि आठवणीतला फलाट असतो आपल्या वयाच्या दहाव्या वर्षाचा.

फोटोवरून मापं काढताना फक्त एक सांभाळा. ब्रेकव्हॅनची लांबी-रुंदी मिळाली तर ती पट्टी म्हणून वापरता येते, पण त्याच प्रतलातल्या वस्तूंना. मागचा कडुलिंब त्या पट्टीने मोजलात तर झुडूप होईल.

काळी_माती

ताई, मी रेल्वेतला नाही, माढ्याकडचा शेतकरी. धागा सहज वाचत होतो, आणि ज्वारीपाशी थांबलो.

नोव्हेंबर बहात्तर. अहो, तो दुष्काळ! कुठली कंबरभर ज्वारी? पेरायला ओल नव्हती. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आमचं रान नांगरून पडलेलं, नुसत्या भेगा, त्यात माझा हात कोपरापर्यंत जायचा. आई-वडील खडी फोडायला जायचे, आम्हा पोरांना सुकडी मिळायची, आणि रेशनवर लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी). त्या मिलोची भाकरी आई थापायची ती काठाला फाटायची. तुमच्या फलाटामागे हिरवं रान बघून चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण त्या साली ते नव्हतं.

यार्डाचं म्हणाल तर आमच्याकडे एक जुने गँगमन आहेत, नव्वदीच्या घरातले. नकाशा दाखवला तर म्हणतात, मला दिसत नाही. मागे मी त्यांना काड्यापेटी दिली आणि म्हटलं, मांडा स्टेशन. तासाभरात ओसरीवर सगळं यार्ड मांडलं, सांध्यासकट. पंढरपूरकडून येताना कुठला सांधा कडक होता तेही सांगितलं. या एकदा.

कपलिंग

@काळी_माती, सलाम. या काड्यांच्या नकाशापुढे कुठलं गॅझेटियर आणताय! सोलापूरचं जुनं गॅझेटियर १८८४चं, तेव्हा ही लाइनच नव्हती. काड्यांचा वरून फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. मग सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशावर लाइनची दिशा, विहिरी आणि गाडीवाटा जुळवून बघा. यार्ड त्यात मिळणार नाही, पण स्टेशनात रस्ता कुठून येत होता ते कळेल.

गार्डाची_मुलगी

काळी_माती दादा, तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि फळीसमोर बराच वेळ बसले. त्या साली मी सात वर्षांची होते, मिलोची भाकरी मीही खाल्ली आहे. वडील ताटात घेऊन न बोलता खायचे, तेही आठवतं. आणि तरी सव्वा महिना ज्वारी लावत होते.

रविवारी चिमट्याने सगळी उपटली. खाली खरी काळी माती घातली, गावाहून आणून मैद्याच्या चाळणीने चाळलेली. जाड थर ओला करून उन्हात ठेवला तर आपोआप भेगाळला, काही करावं लागलं नाही. भेगा मिलिमीटरभर रुंद, म्हणजे खऱ्या मापात पावणेदोन-दोन इंच. वरून फेविकॉल एकास तीन पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून, ड्रॉपरने सोडला. रंग द्यायची गरज नाही. कडुलिंब हिरवाच ठेवलाय, कारण फोटोत तो भरगच्च दिसतो.

डब्यांवर तीन रेघा काढल्या. मैलाचा दगड काढला. दिवाळीनंतर मोडनिंबला येते, दोन काड्यापेट्या घेऊन.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. फोटोत डावीकडे कापल्या गेलेल्या वॅगनच्या दारात पोती दिसतात, भिंग लावून पाहिलं. मिलोची पोती तागाचीच असायची ना? आणि त्यावर काही छापलेलं असायचं का, कुणाला आठवतं?

काळी_माती

तागाचीच. आईने त्यातल्या एकाचा पावसाळी घोंगता केला होता. अक्षरं निळी होती, वाचता येत नव्हती, इंग्रजी असावीत. आल्यावर बोलू.