मदत हवी आहे: एमआयटीच्या प्रकल्पात जीपीएलची फाइल निघाली

नमस्कार मंडळी. मी मालवणचा. आम्ही पाच जण भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत दाखवणारं छोटं ॲप चालवतो, लायसन्स एमआयटी (कोड कोणीही वापरा, फक्त कॉपीराइटच्या ओळी ठेवा). माझे काका रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारीला) जाण्याआधी पहाटे तेच उघडून बघतात, त्यामुळे ते बंद ठेवणं जिवावर येतंय.

बाहेरच्या एका प्रकल्पाने कळवलंय की भरतीचं गणित करणारी आमची फाइल मूळ त्यांची आहे, आणि त्यांचं लायसन्स जीपीएल ३ (त्यांचा कोड घालून बनवलेलं ॲप लोकांना दिलं, तर तेही त्याच लायसन्सखाली, सोर्स कोडसकट द्यावं लागतं). लायब्ररी अपडेटच्या आपोआप येणाऱ्या सूचनांच्या ढिगात तो निरोप ११ दिवस पडून राहिला. काल दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडल्या. व्हेरिएबलची नावंसुद्धा तीच, फक्त वरच्या कॉपीराइटच्या ओळी काढलेल्या. म्हणजे चूक आमचीच.

जीपीएल ३ च्या आठव्या कलमानुसार त्यांच्याकडून आलेली ही पहिलीच सूचना असेल आणि ३० दिवसांत चूक सुधारली, तर अटी मोडल्यामुळे गेलेले त्यांचा कोड वापरण्याचे हक्क कायमचे परत मिळतात. हातात १९ दिवस आहेत.

अख्खा प्रकल्प जीपीएल ३ खाली नेता येईल, एमआयटीचा कोड त्यात चालतो. की ती फाइल नव्याने लिहावी? पण मी ती ओळन् ओळ वाचलीय, मग माझं लिखाण स्वतंत्र कसं धरणार? न वाचलेला कोणी लिहून देईल का? आणि गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनाच्या) जुन्या इतिहासाचं, लोकांच्या फोनमधल्या आधीच्या आवृत्त्यांचं काय करायचं?

कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. त्यांना माफी आणि पोच आज रात्रीच पाठवतोय.