भेद आपोआप गळत नाहीत

वारीत 'मी' विरघळतो आणि भेद गळून पडतात, असं एकांनी लिहिलंय. पटलं. कपाळी बुक्का लावलेला अनोळखी माणूस पाया पडतो, समोरचाही लगेच वाकतो. वय, हुद्दा, जात कोणी विचारत नाही. ते बघताना आजही भरून येतं.

पण ज्या पंढरीकडे ही वाट जाते, तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातल्या संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, देवळाबाहेरच आहे. त्यांच्या समाजाला आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं. साने गुरुजींनी आधी गावोगाव फिरून लोकांची मनं वळवली, मग १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणाला बसले. उपोषण सोडा, अशी खुद्द गांधीजींची तार आली. ज्यांना आयुष्यभर गुरुस्थानी मानलं त्यांचा शब्दही गुरुजींनी नम्रपणे बाजूला ठेवला. स्वतःच्या पलीकडे जाणं म्हणजे काय, असं विचारलं तर मला हा प्रसंग आधी आठवतो. भजनाच्या तंद्रीत 'मी' विसरणं तुलनेने सोपं आहे. शुद्धीवर असताना, दुसऱ्याच्या हक्कासाठी प्राण पणाला लावणं फार अवघड. दहा दिवसांनी मंदिर खुलं करायचं मान्य झालं, तेव्हाच त्यांनी उपोषण सोडलं.