बोलका रेडिओ: दिवसभरात कानावर काय पडायचं? तुमचे अनुभव लिहा

आकाशवाणीवरच्या गाण्यांबद्दल सगळेच लिहितात. आज गाणी बाजूला ठेवू. बातम्या, शेतीच्या मुलाखती, श्रुतिका (म्हणजे रेडिओवरची नाटकं), भाषणं, समालोचन, हवामान... नुसत्या बोलण्यातलं तुमच्या कानात काय राहिलंय? शक्यतो कार्यक्रमाची वेळ सांगा, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक दिवस भरेल.

सुरुवात मीच करते. सकाळी 6.55, संस्कृत बातम्या. 'इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्, प्रवाचकः बलदेवानन्दसागरः' एवढं घरात सगळ्यांना पाठ. पुढचं कुणाला ओ की ठो कळत नसे, तरी बंद कुणी करत नसे, कारण लगेच 7.05 ला पुण्याहून प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज आला की आईचा चढायचा: 'प्रादेशिक लागल्या, अजून वेण्या नाहीत!' भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता.

*

मी तासगावकडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम वडील कॅलेंडरची पाठकोरी बाजू पुढे घेऊनच ऐकायचे. 'मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर' हे एक टक्का बोर्डोचं, म्हणजे बुरशीवर फवारायच्या मिश्रणाचं, प्रमाण मी पाढ्यांच्या आधी शिकलो असेन. एकदा मुलाखतीत तज्ज्ञ म्हणाले, मिश्रण तयार झालं की त्यात विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. वडिलांना पटेना. रेडिओलाच म्हणाले, 'तुमी या आमच्या बागंत, मग बोला!' दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता विळा घेऊन गेले. पातं लाल झालं होतं. पुढच्या हंगामापासून फवारणीच्या पिंपाशेजारी विळा ठेवलेला असायचाच.

*

हर्णै. आमचा कार्यक्रम एका वाक्याचा: 'ताशी 45 ते 55 किलोमीटर वेगाने वारे वाहतील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' बंदरावर वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागायचा, पण खोल पाण्यात गेलेल्याला तो कुठून दिसणार? तिथे मोबाइल आजही मुका होतो, मिडियम वेव्हची खरखर मात्र पोचते. वाक्य संपलं की रेडिओ बंद. सेल वाचवायचे.

*

मी रेडिओचा कलाकार, नैमित्तिक करारावरचा. आवाजाच्या चाचणीत पास झालो आणि श्रुतिकांना बोलावणं येऊ लागलं. ऐकणाऱ्याला वाटतं, कागद समोर आहे, वाचायचं काय अवघड? पण पहिली गोष्ट म्हणजे तो कागद वाजता कामा नये. संहितेला टाचणी मारायची नाही, पानं सुटी ठेवायची, वाचून झालेलं पान हळूच मागे सरकवायचं किंवा सरळ खाली सोडून द्यायचं. सतरंजीवर पडलेल्या पानाचा आवाज होत नाही. दारातून येणारा माणूस मायक्रोफोनपासून चार पावलं मागे उभा राहून पहिलं वाक्य टाकतो आणि बोलत बोलत पुढे येतो. कानात गुपित सांगायचं तर तोंड मायक्रोफोनला जवळजवळ चिकटवायचं, मात्र थोडं तिरकं. नाहीतर 'प' आणि 'फ' फटाक्यासारखे फुटतात. आग लागल्याचं दाखवायला सेलोफेनचा कागद चुरगळायचा, घोड्याला करवंट्या. प्रेमप्रसंगात माझी नायिका थेट माझ्याकडे बघायचीच नाही, तिचे डोळे पुढच्या ओळीवर. बायको मात्र घरी बसून ऐकायची आणि आठवडाभर टोमणे मारायची.

*

वरच्या काकांना सांगायचंय, मी जन्मापासून बघू शकत नाही. टीव्ही आल्यावर घरचे हसायचे आणि मग कुणीतरी मला काय झालं ते सांगायचं, हसू ओसरल्यावर. श्रुतिकेला तसं नव्हतं. 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावजींवर मी सगळ्यांच्या बरोबरीने, बऱ्याचदा आधी हसायचे. तुमची ती चार पावलं मला मोजता यायची, काका.

*

थोडं कडू लिहितो. निम्मं बोलणं रटाळ असायचं. 'परिसंवाद' म्हणजे चौघं जण आपापला कागद वाचणार, एकमेकांना उत्तर देण्याचा प्रश्नच नाही. एका वक्त्याने तर 'पान उलटा' हेही वाचलेलं मी ऐकलंय. पण एक कबूल. आता पॉडकास्ट निवडून ऐकतो, म्हणजे माझ्याच आवडीचं. हर्णैच्या वाऱ्याशी पुण्यात बसून मला काय देणंघेणं? तरी ऐकलं होतं, म्हणून तर बावटा हा शब्द मला माहीत आहे.

*

बाळ ज. पंडित यांचं क्रिकेटचं मराठी समालोचन! ऑफिसात खणात ट्रान्झिस्टर, खण बोटभर उघडा. साहेब आले की बंद. पुढे साहेबच विचारायला लागले, 'स्कोअर काय?'

*

सगळे सकाळ-संध्याकाळ धरून बसलेत. दुपारचं 'वनिता मंडळ' कुणी ऐकतच नव्हतं का? मागची आवरासावर झाली की तेवढा वेळ माझा. शिवण, मुलांचे आजार, पोस्टातली बचत, कायद्याने बायकांना काय मिळतं, सगळं त्यात. वडिलांच्या मिळकतीत मुलीचाही वाटा असतो, हे मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं. त्यावर शंका विचारणारं पोस्टकार्ड टाकलं. नाव छापील अक्षरात लिहिलं होतं, तरी निवेदिकेने आडनाव चुकवलंच. उत्तर मात्र चोख दिलं. आडनाव चुकलं ते बरंच झालं म्हणा, कारण माहेरीही तोच कार्यक्रम लागायचा.