चुकलं तर मागे कसं यायचं? अँड्रॉइड आणि आयफोनची रोजची हाताळणी

पायवाट

सात वर्षं अँड्रॉइड वापरला, मग वर्षभर आयफोन, आणि महिन्याभरापूर्वी परत अँड्रॉइडवर आलो. कॅमेरा, वेग, बॅटरी यांच्या तुलना भरपूर झाल्या आहेत, त्या इथे नकोत. मला बोलायचंय ते निव्वळ हाताळणीबद्दल.

माझ्या मते फोन सोपा आहे की नाही ते चुकल्यावर कळतं. सगळं सुरळीत चाललेलं असताना दोन्ही फोन सोपेच वाटतात. पण बोट भलतीकडे पडलं, नको ते पान उघडलं, की होतो तिथे परत यायला काय करावं लागतं? अँड्रॉइडवर याचं उत्तर एकच आहे. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आला, त्यावर मागे जायचं खरंखुरं, दाबायचं बटण होतं. पुढे ते काचेवर आलं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून कडेवरून बोट आत ओढलं की तेच काम होतं. कीबोर्ड उघडा असेल तर तो मिटतो, मधे चौकट आली असेल तर ती जाते, तसं काही नसेल तर आधीचं पान येतं. डाव्या कडेवरूनही होतं आणि उजव्याही.

आयफोनवर याच एका कामाच्या किती तरी वाटा. साधं पान असेल तर डाव्या कडेवरून ओढायचं. खालून वर आलेलं पान असेल तर ते खाली ओढायचं. कुठे वर कोपऱ्यात फुली असते, कुठे काम संपल्याचं बटण. दुसऱ्या अ‍ॅपमधून आला असाल तर वर डावीकडे, घड्याळाच्या खाली, बारीक अक्षरांत आधीच्या अ‍ॅपचं नाव येतं, त्याला टिचकी मारायची. फोन उजव्या हातात धरा, दुसरा हात लावू नका, आणि अंगठ्याने ते नाव गाठून बघा. मोठ्या फोनवर माझा अंगठा पडद्याच्या मध्याच्या जरा वर जाऊन थांबतो. तिथून पुढे फोन तळव्यात सरकवावा लागतो. दिवसातून कितीदा तरी.

वर्षभर मनापासून प्रयत्न केला. वाटा पाठ झाल्या, पण प्रत्येक वेळी "आता यातली कुठली?" हा अर्ध्या क्षणाचा विचार काही सुटला नाही. म्हणून माझं मत अँड्रॉइडला. आयफोन वापरणाऱ्यांनी खोडून काढावं, मला खरंच ऐकायचंय.

निशिगंध

खोडून काढते. पहिल्या दिवसापासून आयफोन वापरते आहे, आणि मधे दोन वर्षं कामासाठी दुसरा फोन अँड्रॉइडच होता, त्यामुळे ऐकीव बोलत नाही.

अँड्रॉइडचं "मागे" एकच आहे म्हणता, पण हालचाल एक असली तरी अर्थ एक नाही. कधी पान मागे जातं, कधी चौकट मिटते, कधी तुम्ही अ‍ॅपच्याच बाहेर पडता. पुढे काय होणार हे अ‍ॅप बनवणाऱ्याने काय ठरवलंय त्यावर. एकदा एका अ‍ॅपमध्ये लांबलचक अर्ज भरत होते. शेवटचा रकाना भरला आणि कीबोर्ड मिटवायला कडेवरून ओढलं. कीबोर्ड आधीच मिटला होता. अर्ज गेला, न विचारता. पहिल्या रकान्यापासून पुन्हा सगळं.

आयफोनच्या चार-पाच वाटा तुम्ही सुट्या सुट्या मोजल्यात, म्हणून त्या जास्त वाटतात. त्यामागे एकच गोष्ट आहे: जे जिकडून आलं, ते तिकडे परत ढकलायचं. पान उजवीकडून सरकत आलं, तर डावीकडून उजवीकडे लोटायचं. खालून वर आलं, तर खाली लोटायचं. फोटो टिचकीने मोठा झाला, तर तो खाली ओढला की आपल्या छोट्या चौकोनात जाऊन बसतो. पाठ करायला काही नाही, बघितलं की हात आपोआप जातो.

आणि आधीच्या अ‍ॅपवर जायला ते बारीक नाव गाठायची गरजच नाही. पडद्याच्या तळाशी जी आडवी रेघ असते ती उजवीकडे सरकवा, आधीचं अ‍ॅप समोर येतं. अंगठा तिथेच असतो.

पायवाट

@निशिगंध, जिकडून आलं तिकडे परत, हे असं कुणी आजवर सांगितलं नव्हतं. पटलं. तळाच्या रेघेचं मला माहीत होतं, पण ते सातव्या-आठव्या महिन्यात, अपघाताने कळलं. फोनने स्वतःहून कधीच सांगितलं नाही.

चकमक

वरच्या शेवटच्या वाक्यातच खरा प्रश्न आहे.

डॉन नॉर्मन आणि ब्रूस टॉग्नाझिनी, हाताळणीच्या शास्त्रातली ही दोन मोठी नावं, दोघंही पूर्वी अ‍ॅपलमध्येच होते. २०१५ साली दोघांनी मिळून लेख लिहिला आणि अ‍ॅपलवर हीच टीका केली. पडदा देखणा करण्याच्या नादात त्यावरच्या खुणा पुसल्या गेल्या, त्यामुळे काय काय करता येतं हे माणसाला बघून कळत नाही. बटण दिसतं. बोट ओढण्याची हालचाल दिसत नाही, ती कुणीतरी शिकवावी लागते. निशिगंध यांनी सांगितलेला नियम सुंदर आहे, पण तो पडद्यावर कुठेच लिहिलेला नाही.

या बाबतीत अँड्रॉइडही धुतल्या तांदळासारखा नाही, कडेवरून ओढणं तिथेही अदृश्यच. पण बहुतेक अँड्रॉइड फोनवर आजही सेटिंगमध्ये जाऊन खालची तीन बटणं परत आणता येतात. मागे, घर, उघडी अ‍ॅप. आयफोनवर असा परतीचा रस्ता ठेवलेला नाही. २०१७ च्या आयफोन टेनपासून पडद्याखालचं, घरी नेणारं गोल बटण जायला लागलं, आणि ते असलेला शेवटचा आयफोन २०२२ चा.

अंतराचंही तेच. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम आहे: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका ते गाठायला वेळ लागतो. फोन मोठे होत गेले, अंगठा तेवढाच राहिला. अशा वेळी महत्त्वाची बटणं वरच्या कोपऱ्यात ठेवणं मला तरी समजत नाही. गंमत म्हणजे आयफोनवर अ‍ॅपची चित्रं पडद्यावर हव्या त्या जागी, म्हणजे खाली अंगठ्याजवळ, मोकळी जागा सोडून ठेवायची सोय यायला २०२४ चं आयओएस १८, म्हणजे आयफोनच्या प्रणालीची ती आवृत्ती, उजाडावं लागलं. तोवर ती वरूनच भरत यायची.

ओंजळ

निवड करता येते म्हणून अँड्रॉइड सोपा, हे मला अजिबात मान्य नाही. निवड हीच अडचण आहे.

आईचा फोन मी सांभाळते. ती दुसरीकडे राहते, त्यामुळे सगळं बोलून सांगावं लागतं. तिचा पहिला फोन अँड्रॉइड होता, माझाही अँड्रॉइड, पण कंपन्या वेगळ्या. "आई, वरून खाली ओढ, तिथे चाकासारखं चित्र दिसेल." "नाही गं, इथे नुसते गोल गोल दिसतायत." "मग अजून एकदा ओढ." "आता सगळंच गेलं." प्रत्येक कंपनीची सेटिंग वेगळ्या नावाने, वेगळ्या जागी. मी माझ्या फोनवर बघून सांगायचे आणि तिच्याकडे ते तसं नसायचंच. शेवटी ती म्हणायची, जाऊ दे, तू आलीस की बघू. म्हणजे तोवर ते काम अडलेलं.

त्याहून वाईट म्हणजे औषधाचा गजर. तिने औषधाची आठवण करणारं अ‍ॅप घेतलं होतं. त्या फोनची कंपनी बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली अ‍ॅप परस्पर बंद करत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गजर कधी वाजायचा, कधी नाही. ती समजायची की आपल्यालाच ऐकू आला नाही. तीन वेगवेगळ्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला सूट द्यावी लागली, आणि नंतरच्या अपडेटमध्ये ती सूट पुन्हा पुसली गेली.

आता आम्हा दोघींकडे आयफोन आहे. मी माझ्यावर बघते, तिला सांगते, तिला तेच दिसतं. पायवाट, तुम्ही चुकल्यावर मागे येण्याबद्दल बोलताय. आई चुकली की मला फोन करते. तिच्यासाठी मागे यायचा रस्ता तो आहे, आणि तो सोपा व्हायला दोन्ही फोन सारखे असावे लागतात.

वळचण

मला मागे-पुढेपेक्षा आवाज महत्त्वाचा. आयफोनच्या डाव्या बाजूला आवाज बंद करायची खिट्टी पहिल्या फोनपासून होती. खिशात हात घालून, न बघता, नुसत्या स्पर्शाने कळायचं फोन मुका आहे की नाही. २०२३ पासून तिच्या जागी बटण यायला लागलं. त्याने काम तेच होतं, पण स्पर्शाने कळत नाही. अँड्रॉइडमध्ये एखाददुसऱ्या कंपनीनेच अशी खिट्टी दिली.

उलट बाजूही सांगतो. कुलूप लागलेल्या आयफोनवर फोन आला की समोर फक्त उचलायची पट्टी दिसते. नाकारायला बाजूचं बटण दोनदा दाबायचं असतं, आणि ते पडद्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. अँड्रॉइडवर उचलणं आणि नाकारणं दोन्ही समोर दिसतात. आणि गाण्यांचा, घंटीचा, गजराचा आवाज वेगवेगळा ठेवायला अँड्रॉइडवर बाजूचं बटण दाबलं की सगळ्या पट्ट्या एकाच ठिकाणी मिळतात.

पायवाट

@ओंजळ, औषधाच्या गजराचं वाचून वाईट वाटलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गजर वाजलाच पाहिजे, तो वाजत नसेल तर बाकीच्या सोयी काय चाटायच्या आहेत?

पण सारखेपणाबद्दल एक म्हणेन. दोन्ही अँड्रॉइड एकाच कंपनीचे असते तर बोलून सांगायची अडचण बरीचशी सुटली असती. आणि आयफोनमध्येही एक जिन्नस कायम हरवलेला असतो, तो म्हणजे अ‍ॅपची सेटिंग. कॅमेऱ्यात आडव्या-उभ्या मदतरेषा हव्या असतील तर कॅमेऱ्यातून बाहेर पडून मुख्य सेटिंगमध्ये जायचं, तिथे कॅमेरा शोधायचा, आणि मग परत यायचं. समोरचा क्षण तोवर थांबत नाही. अँड्रॉइडवर सहसा ते कॅमेऱ्यातच असतं.

निशिगंध

कॅमेऱ्याचं मान्य. पण मला एक शंका येतेय. सात वर्षं तुमचा हात एका सवयीत वाढला. तुम्ही ज्याला सोपं म्हणताय ती सवय तर नाही? मला अँड्रॉइडवर दोन वर्षं तसंच अडखळायला व्हायचं.

पायवाट

सवयीचा भाग असेलच. पण वर्षभरानंतरही अंगठा उजव्या कडेकडेच जात होता, कारण तो तिथेच असतो. डावी कड लांब पडते. तुम्हाला नाही का पडत?

निशिगंध

नाही. आणि आता लक्षात आलं का ते. मी डावखुरी आहे. फोन डाव्या हातात, अंगठा डाव्या कडेवरच. इतकी वर्षं मला वाटत होतं की सगळ्यांनाच तितकं जवळ पडत असेल. आयओएस २६ मध्ये बऱ्याच अ‍ॅपांत पडद्याच्या मधूनही मागे ओढता येतं, ते कुणासाठी केलं असेल ते मला तुमचा प्रतिसाद वाचून कळलं. तरी दिशेच्या नियमावर मी ठाम आहे.

चकमक

म्हणजे उजव्या हाताने वापरणाऱ्यांना ती सोय मिळायला २०२५ साल उजाडलं.

एक गोष्ट राहिली. २०२३ च्या आयओएस १७ मध्ये अ‍ॅपलने असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस नावाची सोय आणली. आकलनाला अडचण असलेल्या लोकांसाठी, मोठ्या चित्रांची, कमी गुंत्याची मांडणी. त्यात पडद्याच्या तळाशी काय ठेवलंय माहीत आहे? मागे जायचं मोठं, कायम दिसणारं बटण. फोन जास्तीत जास्त सोपा करायची वेळ आली तेव्हा अ‍ॅपलने स्वतः हेच निवडलं. मग ते बटण नेहमीच्या मांडणीत का देऊ नये? ज्याला नको तो बंद करेल.

ओंजळ

हे वाचून काल आईला मुद्दाम विचारलं, फोनमध्ये सगळ्यात जास्त कशाचं अडतं. ती फोन डाव्या तळव्यावर ठेवते आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने वापरते, त्यामुळे कडा-कोपऱ्यांचा तिला फरक पडत नाही. म्हणाली, "जुन्या फोनवर खाली बाण होता, तो यात कुठे गेला?" दीड वर्ष झालं आयफोन घेऊन, आणि हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

चकमक सांगतात ती मांडणी तिला दाखवली. बटण आवडलं, पण फोन फारच मोकळा मोकळा वाटला, तिला तिची सगळी अ‍ॅप नेहमीसारखीच हवी आहेत. त्यामुळे तिला हवा तो बाण तिच्या नेहमीच्या पडद्यावर मी देऊ शकत नाही, एवढं चकमक आणि पायवाट यांचं खरं. फोन मात्र बदलणार नाही. सकाळी आठचा गजर रोज वाजतो.